नुसतं उभं राहायला काय लागतं?

मागच्या महिन्यात ऑफिसमध्ये जेवताना मी टीमला एक व्हिडिओ दाखवला. एक बाई भर रस्त्यात पाठमोरी उभी आहे. साधे राखाडी कपडे, पाठीवर केसांचा लांब शेपटा. आजूबाजूने गर्दी वाहते आहे. आवाज नाही. बाई हलत नाही. साडेसहा मिनिटांनी व्हिडिओ संपतो. डबा बंद करता करता एकजण म्हणाला, "याला कला म्हणतात? नुसतं उभं राहायला काय लागतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर देतो.

ही बाई म्हणजे कोरियन कलाकार किमसूजा आणि कामाचं नाव 'अ नीडल वूमन'. १९९९ ते २००१ या काळात ती टोकियो, शांघाय, दिल्ली, न्यूयॉर्क, मेक्सिको सिटी, कैरो, लागोस आणि लंडनच्या रस्त्यांवर अशीच उभी राहिली. टेस्टिंग करताना आपण काय करतो? इनपुट तेच ठेवतो, एन्व्हायर्नमेंट बदलतो. आउटपुट वेगळं आलं, तर फरक एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे हे कळतं. इथे तेच चाललंय. टोकियोत लोक ती दिव्याचा खांब असल्यासारखे बाजूने निघून जातात. लागोसमध्ये थांबून तिच्या तोंडाकडे बघतात. म्हणजे व्हिडिओ बाईचा नाहीच, रस्त्याचा आहे.

आता दुसरी बाजू. कलेची आवड असलेले मित्र हे बघून हळवे होतात. "शेवटी आपण सगळे एकच," वगैरे. माफ करा, मला हे पटत नाही. दिल्लीच्या फ्रेममधून जाणाऱ्या एखाद्या हमालाला लंडनमध्ये जाऊन सात मिनिटं उभं राहायचं असेल, तर आधी व्हिसा लागेल. तो त्याला कोण देणार? किमसूजा शहरामागून शहर फिरू शकली, हाही त्या कामाचाच भाग आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तैवानचा तेहचिंग शे १९७४ मध्ये जहाजावरून पळून कागदपत्रांशिवाय अमेरिकेत राहिला. २६ सप्टेंबर १९८१ पासून वर्षभर न्यूयॉर्कमध्ये कुठल्याही छताखाली जायचं नाही, असा त्याने नियम केला. स्लीपिंग बॅग घेऊन तो रस्त्यावर राहिला. पोलिसांनी पकडून आत नेलं, ते काही तास सोडले तर नियम पाळला. उघड्यावर राहणं ही त्याची कला होती. शेजारच्या बाकावर झोपणाऱ्या बेघर माणसाची ती कला नव्हती. या फरकाची लाज वाटली पाहिजे, आणि ती वाटावी हेच त्या कामाचं यश आहे.

मग मी स्वतः करून बघितलं. पुण्यात, एका मॉलबाहेरच्या फुटपाथवर. फोन खिशात, इअरफोन काढलेले. चौथ्या मिनिटाला सिक्युरिटीवाले काका आले.

"सर, कोणाची वाट बघताय?"

"कोणाचीच नाही."

"मग इथं नका थांबू."

फुटपाथ मॉलचा नव्हता. तरी मी निघालो.

टीममधल्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला चार मिनिटं तरी मिळाली. मी रिक्षाची वाट बघतानाही फोन कानाला लावून ठेवते. पलीकडे कोणी नसतं." शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं होतं: बाईने घराबाहेर दिसायचं, तर सोबत काहीतरी कारणही दिसावं लागतं. विनाकारण रेंगाळणं हा हक्क आहे, असं त्या म्हणतात. मला आता त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

तर नुसतं उभं राहायला काय लागतं? कारण लागतं. नसेल तर पासपोर्ट, नाहीतर पाठीमागे कॅमेरा. पुरुष असलात तर चार मिनिटं जास्तीची मिळतात.

पटत नसेल तर आज संध्याकाळी घराजवळच्या चौकात फोन खिशात ठेवून सात मिनिटं उभे राहा. कितव्या मिनिटाला कोण विचारायला आलं, ते लिहून ठेवा. मग बहिणीला किंवा मैत्रिणीला तिचा आकडा विचारा. कला आहे की नाही, हे त्यानंतर भांडू.