माळ हातात, पाय वाटेवर

‘रोज अर्धा तास चालत जा.’ मधुमेह किंवा रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला हे सांगितले जाते. रुग्ण मान डोलावतो, गोळ्यांची पिशवी घेतो आणि घरी जातो. पहिला आठवडा उत्साहाचा, दुसरा सबबींचा, तिसऱ्या आठवड्यात चालणे थांबलेले. महिन्याने तपासणीला आल्यावर साखर तिथेच असते आणि डॉक्टर तेच वाक्य पुन्हा सांगतात. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हे चक्र वर्षानुवर्षे चालू आहे. चालण्याचे औषध फुकट आहे आणि गुणकारीही, पण ते घेतले जात नाही.

हे फक्त एखाद्या तालुक्याचे दुखणे नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचे दिसले. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे.

चालणे का सुटते? व्यायामाचे फायदे माहीत नसतात म्हणून नव्हे. ‘दिवसभर उभीच असते, आणखी कुठे चालू?’ हा किनारपट्टीवरच्या बाईचा प्रश्न खोटा नाही. घरकाम आणि मासळीच्या कामातही हालचाल असते, ती जमेस धरावीच लागते. पण पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, विहिरीची नळाने आणि पायवाटेची सहा आसनी रिक्षाने. दम लागेल असे काम कमी झाले, उभे राहणे तेवढे उरले. शिवाय स्वतःच्या तब्येतीसाठी अर्धा तास बाहेर पडणे हे अजूनही अनेक घरांत चैनीचे मानले जाते. व्यायामाला स्वतंत्र वेळ, वेगळे कपडे आणि वेगळे धैर्य लागत असेल, तर तो टिकणार कसा?

इथे महाराष्ट्राची जुनी रीत आठवावी. आपल्याकडे व्यायाम क्वचितच एकटा आला. तालमीत मारुती असतो, आखाड्याच्या मातीला नमस्कार करूनच पैलवान आत उतरतो. ज्या माणसाला एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा कंटाळा, तो आषाढीला पंढरपूरपर्यंत चालतो. त्याला कोणी पावले मोजायचे यंत्र दिलेले नसते. चालण्याला कारण मिळाले की पाय चालतात. मग हाच आधार रायगडच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांसाठी का वापरू नये?

मुरूड तालुक्यातले कोर्लई हे त्याचे जवळचे ठिकाण. कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, तिच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा डोंगर निजामशाहीकडून घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण गावातला कॅथलिक समाज राहिला. पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून तयार झालेली त्यांची घरची बोली आजही तिथे ऐकू येते. गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे आणि डोंगराच्या कडेने दीपगृहाकडे जाणारी वाटही. म्हणजे चालायला वाट आहे आणि चालायला लावू शकेल अशी श्रद्धाही आहे. या दोन गोष्टी जोडायच्या राहिल्या आहेत.

ही जोडणी अवघड नाही. कॅथलिक घरांत रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हटली जाते. पाच दशकांची पूर्ण माळ म्हणायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. रोज एक माळ चालत म्हटली, तर आठवड्याला सुमारे १४० मिनिटे होतात. रविवारी मिस्साला जाता-येता पायी चालले की हिशेब पुरा. मिनिटाला सुमारे १०० पावले ही प्रौढांसाठी मध्यम गतीची ढोबळ खूण मानतात. त्या गतीने २० मिनिटांत २,००० पावले पडतात. घड्याळ नको आणि मोबाइलही नको, मण्यांवरच वेळ मोजता येतो.

गती बरोबर आहे की नाही, हेही प्रार्थनाच सांगते. मध्यम व्यायामाची डॉक्टरांची सोपी कसोटी अशी की, चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. माळ पुटपुटता येते, पण भजन किंवा गायन सुरात म्हणता येत नाही, अशी चाल असेल तर ती योग्य. निवांत गाता येत असेल तर पाय थोडे उचलावेत, दोन शब्दांमध्येच धाप लागत असेल तर चाल कमी करावी.

जपमाळेबद्दल विज्ञानाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. इटलीतील ल्युचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यांनी २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधील ‘आवे मारिया’ आणि ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला सांगितले. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ पर्यंत उतरली. रक्तदाब सावरणारी शरीरातील प्रतिक्षिप्त यंत्रणा दोन्ही वेळी अधिक तत्पर झाली. धर्म दोन, भाषा दोन, पण श्वासाची लय एकच. मात्र या अभ्यासाचा अर्थ ताणू नये. तो लहान होता, त्यातील परिणाम प्रार्थना चालू असतानाचा होता आणि ती चालताना म्हटलेली नव्हती. भरभर चालताना श्वास वाढणारच. म्हणून चालून झाल्यावर पाच मिनिटे बसावे, शेवटची प्रार्थना संथपणे म्हणावी आणि नाडी खाली येऊ द्यावी. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच ठेवावी.

सवय कधी लावायची, यासाठी ख्रिस्ती दिनदर्शिकेत एक सोय आहे. ‘२१ दिवसांत सवय लागते’ असे सर्रास सांगितले जाते, त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आता उपवासकाळ पाहा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत रविवार धरून ४६ दिवस होतात. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत आणखी ५० दिवसांचा आनंदकाळ असतो. अनेक जण उपवासकाळात मांस, मद्य किंवा आवडीचा पदार्थ सोडतात आणि ईस्टरला सगळे पूर्ववत करतात. त्या काळात काही सोडण्याबरोबर चालणे धरले आणि ते पेंटेकॉस्टपर्यंत नेले, तर तीन महिन्यांहून अधिक काळ मिळतो. त्याच लंडनच्या अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

असे प्रयोग इतरत्र झाले आहेत. अमेरिकेतील साउथ कॅरोलिनात ७४ चर्चमध्ये १५ महिने राबवलेल्या कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. फुरसतीच्या वेळेतील व्यायाम वाढला, असे सहभागी लोकांनी सांगितले. पण ती वाढ माफक होती आणि रक्तदाबात फरक पडला नाही. म्हणजे चर्चच्या आवारात व्यायाम आणला की चमत्कार होतो, असे नाही. लोक थोडे अधिक हलतात, एवढेच. पण सार्वजनिक आरोग्यात अनेक लोक थोडे अधिक हलले, तरी तो मोठा लाभ असतो.

श्रद्धा आणि व्यायामाचे नाते ख्रिस्ती जगालाही नवे नाही. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल आणि १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधला. दोघेही ‘वायएमसीए’ या ख्रिस्ती युवक संघटनेशी निगडित होते. कोकणातल्या पुळणीवर जाळे बांधून मुले जो खेळ खेळतात, त्याचे मूळ तिथे आहे. मद्रासमध्ये १९२० साली हॅरी क्रो बक यांनी सुरू केलेल्या याच संघटनेच्या शारीरिक शिक्षण संस्थेने भारताला अनेक क्रीडाशिक्षक दिले.

पण याच परंपरेत एक धोकाही दडलेला होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पिळदार शरीर म्हणजेच सद्गुण, असा विचार बळावला. मग अशक्त, आजारी, लठ्ठ माणूस आपोआप कमी प्रतीचा ठरला. आजही काही ठिकाणी हा सूर ऐकू येतो. संत पौलाने शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले, त्या विचाराचा आधार घेऊन वाढलेल्या पोटाला पाप ठरवले जाते. वैद्यकाला हे मान्य नाही आणि ख्रिस्ती शिकवणीतही त्याला उत्तर आहे. जन्मांध माणसाच्या प्रसंगात, आजार हे कुणाच्या तरी पापाचे फळ आहे ही समजूत येशूने नाकारली. मधुमेहात आनुवंशिकता, वय, आहार, झोप, गरिबी या सगळ्यांचा वाटा असतो. रुग्णाला अपराधी वाटले की तो चालायला लागत नाही, उलट तपासणीला यायचे टाळतो.

काही वैद्यकीय पथ्ये मात्र काटेकोरपणे पाळायला हवीत. पहिले उपवासाचे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. कॅथलिक चर्चच्या नियमांनुसार उपवासाचे बंधन १८ ते ५९ वयोगटालाच आहे आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. ती सूट घेणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे नव्हे.

दुसरे पथ्य पायांचे. नवस म्हणून किंवा प्रायश्चित्त म्हणून अनवाणी चालणाऱ्यांची संख्या कमी नाही. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली असेल, तर तापलेले डांबर किंवा वाळूतला शिंपला बोचल्याचे कळतही नाही. पुढे जखम चिघळते आणि कधी बोट, कधी पाऊल गमवावे लागते. अशा रुग्णांनी पायांत नीट बसणारी पादत्राणे घालूनच चालावे आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

तिसरे गुडघ्यांचे. क्रूसाच्या वाटेच्या भक्तीत १४ स्थाने असतात आणि प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून उठण्याची प्रथा आहे. निरोगी माणसाच्या मांड्यांना तो चांगला व्यायाम आहे. झिजलेल्या गुडघ्यांनी मात्र उभ्यानेच मान लववावी. चौथे छातीचे. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर प्रार्थना पूर्ण करण्याचा हट्ट न धरता थांबावे आणि तडक रुग्णालय गाठावे. हृदयरुग्णांनी सुरुवात किल्ल्याच्या चढाने करू नये, सपाट वाटेने करावी. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात उपवासकाळाचे दिवस कठीण जातात, म्हणून सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर चालावे.

योगासनांचा प्रश्नही टाळता येत नाही. मंत्र किंवा सूर्याला नमस्कार यांमुळे काही ख्रिस्ती कुटुंबांना योगवर्गात अवघड वाटते. २०१५ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले गेले, ते अल्पसंख्याकांमधून हरकती आल्यानंतरच. आरोग्यसेवेने या वादात न्यायाधीश होऊ नये. आसने ज्यांना रुचतात त्यांनी ती करावीत, ज्यांना रुचत नाहीत त्यांना सक्ती करू नये. स्नायूंना आणि हृदयाला कारण विचारण्याची सवय नसते.

म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर हवी. ‘चालता का?’ एवढ्यावर न थांबता ‘रोज न चुकता काय करता?’ असेही विचारावे. कुणी हरिपाठ म्हणेल, कुणी नमाज, कुणी रोझरी. चालणे त्या न चुकणाऱ्या गोष्टीला बांधावे. आणि ज्याची श्रद्धाच नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्याची सोबत किंवा संध्याकाळचा बाजार आहेच. धर्मगुरूंनी वर्षातून दोनदा वेदीवरून तपासणीची आठवण करून दिली, रविवारच्या मिस्सानंतर आशाताई आणि उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने आवारात रक्तदाब आणि साखर तपासली, तर एरवी रुग्णालयाची पायरी न चढणारे अनेक जण सापडतील. पाऊस ओसरल्यावर येणारा ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. सुरुवातीला तो उत्तम.

प्रार्थनेने मधुमेह बरा होत नाही. पण प्रार्थना माणसाला रोज त्याच वेळी दारातून बाहेर काढत असेल, तर चिठ्ठीवर चौथ्यांदा लिहिलेल्या ‘चालणे’ या शब्दापेक्षा ती नक्कीच अधिक काम करते.