दिसलंच नाही, तर उपयोग काय?

गेल्या दिवाळीत मामांनी मला एक काम सांगितलं. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, जरा ऑनलाइन बघ आणि माझ्या रिव्हॉल्व्हरला चांगलं कव्हर मागव. जुन्याची शिलाई उसवलीय." मामा निफाड तालुक्यातले कांदा व्यापारी. बारा-तेरा वर्षांपूर्वी रोख रकमेची ने-आण असायची, म्हणून त्यांनी परवाना काढला आणि पॉइंट थ्री टूचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घेतलं.

लॅपटॉप निवडतात तसं मी हे काम मनावर घेतलं. आठवडाभर वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर तीन पर्याय पाठवले. पाच मिनिटांत फोन. "अरे, हे तर सगळे शर्टाच्या आतले आहेत. दिसलंच नाही, तर उपयोग काय?"

मामांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

आधी तांत्रिक भाग. होल्स्टरची कामं तीन. चाप पूर्ण झाकणं, म्हणजे कपड्याची कड किंवा बोट आत जाणार नाही. धावताना, वाकताना, पडताना शस्त्र जागेवर धरून ठेवणं. आणि मालकाच्या हाताला ते रोज त्याच जागी, त्याच कोनात सापडणं. बाजारात 'फ्री साइज' म्हणून मिळणारं कापडी कव्हर यातलं एकही काम धड करत नाही. चामड्याचं चांगलं असतं, पण ते घाम पितं आणि वर्षानुवर्षं वापरून मऊ पडलं की त्याची कड दुमडून चापाच्या कडीत शिरू शकते. शस्त्राच्या मापाने साच्यात काढलेलं कडक प्लास्टिकचं होल्स्टर सगळ्यात भरवशाचं. सोबत जाड, न वाकणारा पट्टा हवाच.

घालायचं कुठे? पाठीच्या मधोमध नको. मोटारसायकलवरून पडलात तर मणक्याखाली लोखंड येतं, शिवाय मागून कोण हात घालतंय ते कळत नाही. पोटावर, पुढे लावलं तर बसताना नळीचं तोंड मांडीकडे. घोट्याला लावलं तर काढायला वाकावं लागतं. उजव्या हाताच्या माणसासाठी उजव्या कमरेच्या हाडाच्या थोडं मागे, पँटच्या आत, वरून न खोचलेला सैल शर्ट, ही जागा बहुतेकांना जमते. गाडीत सीटबेल्टचं बक्कल तिथेच येतं, म्हणून त्याचीही आधी सवय करावी लागते, रिकाम्या शस्त्रावर.

आता कायदा. मामांना वाटतं लपवणं ही आवड आहे. नाही, तो नियम आहे. 2016 च्या शस्त्र नियमांतला 32 वा नियम सांगतो की सार्वजनिक जागी हातातलं छोटं शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, ते पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा परिणामकारक ताबा हवा. शस्त्र परजलंत तर परवाना जाऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे शर्ट खोचून, मूठ बाहेर ठेवून लॉन्सवर फिरणारे आपले मामा, काका, नगरसेवक हे रुबाब करत नाहीयेत. ते नियम मोडतायत, आणि आपण त्यांच्यासोबत सेल्फी काढतोय.

'परिणामकारक ताबा' हे शब्द किती महाग आहेत, ते 2024 ने दाखवलं. फेब्रुवारीत दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा वापरलेलं पिस्तूल एका अंगरक्षकाच्या परवान्याचं असल्याचं तपासात पुढे आलं. 1 ऑक्टोबरच्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं सांगितलं गेलं. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखाली गोळी असेल आणि घोडा अडवणारी कळ नसेल किंवा झिजली असेल, तर नुसत्या आपटण्याने बार उडू शकतो. याला 'चुकून' म्हणणं मला इंजिनिअर म्हणून पटत नाही. ज्या बिघाडाची शक्यता आधीच माहीत आहे, तो अपघात नसतो.

आणि सरकारी कारखान्यांची तऱ्हा बघा. 2014 मध्ये कानपूरहून महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि मिळायचं दागिन्यांच्या डबीसारख्या मरून पेटीत. शस्त्र हा दागिना आहे, हे मामा एकटेच मानत नाहीत.

"दाखवलं की समोरचा दबकतो," हा मामांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण कोण दबकतं? लिलावातला हमाल, पार्किंगवाला पोरगा, भावकीतला गरीब चुलतभाऊ. खरा लुटारू दबकत नाही. त्याला फक्त कळतं की आधी कोणाला आडवं करायचं आणि कमरेवरून काय काढून घ्यायचं. ज्याला खरोखर धमक्या येतात, जो रात्री रोकड घेऊन एकटा जातो, त्याने जरूर बाळगावं. झाकून, शिकून, दर महिन्याला सराव करून. मामांनी शेवटची गोळी कधी झाडली, ते त्यांनाही आठवत नाही.

लोकसभेच्या वेळी मामांना नोटीस आली आणि रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं. आचारसंहिता 16 मार्चला लागली, आमच्याकडचं मतदान 20 मेला. इतके दिवस मामा रिकाम्या कमरेने लासलगावला गेले, आले. पैसे बँकेतून फिरले. काही झालं नाही. फक्त लग्नांत ते जरा गप्प असायचे.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये आपण सगळ्यांनी 'नाशिक जिल्हा कायद्याचा बालेकिल्ला' असं म्हणणाऱ्या आरोपींचे व्हिडिओ फॉरवर्ड केले, खूप हसलो. गावठी कट्टेवाल्याला हसणं सोपं आहे. परवाना असलेला माणूस आपल्याच घरात जेवायला बसलेला असतो.

मामांनी शेवटी बाजारातून हवं ते घेतलंच: मोठं बक्कल, बाहेर काडतुसांचे कप्पे. डिसेंबरात मावसबहिणीच्या हळदीला त्यांच्या मांडीवर चार वर्षांची नात बसली होती. तिने ते बटण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "पोरगी डेअरिंगबाज आहे," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहिलं. मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे: ज्याचा उपयोग दिसण्यातच आहे, ते घरी तिजोरीत ठेवा, गोळ्या वेगळ्या. पुढच्या लग्नात कमरेला दिसलं, तर मी हसणार नाही. सगळ्यांसमोर बोलेन.