एका फाइलीपायी सगळं खातं

"फुकट जागा वापरता, मग तक्रार कसली करता?" हे इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहूनच ठेवावं म्हणते. एक तर आपल्यातल्या पुष्कळजणी पैसे भरतात. फोनवर 'जागा संपली' आलं की मुलगा येऊन कार्ड जोडून देतो, दरमहा पैसे कापले जातात. आणि फुकट असलं म्हणून काय झालं? धर्मशाळेत एका खोलीत चोर सापडला, तर बाकीच्या यात्रेकरूंच्या पेट्या कुणी विहिरीत टाकतं का?

१९ जानेवारी २०१२ ला जवळपास तेच झालं. अमेरिकी सरकारनं मेगाअपलोड ही फाइली ठेवण्याची सेवा बंद पाडली. चोरीचे सिनेमे आणि गाणी तिथून वाटली जातात, हा आरोप. सरकारच्या आरोपपत्रातच सदस्यांचा आकडा १५ कोटींच्या वर दिलाय. ते सगळे चोर? ओहायोतला एकजण शाळकरी मुलांच्या सामन्यांचं चित्रीकरण करून पोट भरायचा. त्याचं काम तिथे ठेवलेलं, आणि घरची हार्डडिस्क नेमकी त्याच सुमारास बिघडलेली. माझं मला परत द्या, असा त्यानं कोर्टात अर्ज केला. वर्षं उलटली, निकाल लागेना. दरम्यान २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या लीजवेब कंपनीनं मेगाअपलोडचे ६३० सर्व्हर पुसून टाकले. वर्षभर पदरच्या खर्चानं सांभाळले होते म्हणे. तिचंही खरं असेल. पण पुसलं गेलं ते लोकांचं.

मी चोरीची वकिली करत नाही. मीही लिहिते. माझा लेख नाव काढून फिरवला, तर मला राग येतोच. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क राहतो, तो राहावा. माझं भांडण शिक्षेच्या मापाशी आहे.

अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानं कंपन्यांना सांगितलं: तक्रार आली की फाइल लगेच काढा, वारंवार गुन्हा करणाऱ्याचं खातं बंद करण्याचं धोरण ठेवा, म्हणजे तुमच्यावर जबाबदारी नाही. मग कंपनी खरं-खोटं तपासत कशाला बसेल? एक फाइल काढणं स्वस्त, तुमची बाजू ऐकणं महाग. आपल्याकडे २०१३ च्या नियमांत तक्रारीनंतर ३६ तासांत फाइल बंद करायची, आणि तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा चालू करता येते. 'करता येते' बरं का, 'केलीच पाहिजे' नव्हे! इथेच सगळी मेख आहे.

आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाची चित्रफीत अशीच गेली. मागे कुठेतरी सिनेमातलं गाणं वाजत होतं. नोटीस आली ती तीन पानी इंग्रजीत, उत्तर द्यायचं ते इंग्रजीतच, आणि खाली धमकी: पुन्हा घडल्यास खातं बंद. त्या खात्यात काय होतं? तेवीस वर्षांचे हिशेब, वर्गणीच्या याद्या, गेलेल्या तीन अध्यक्षांची भाषणं. गाण्याच्या मालकाचं यातल्या कशावर काडीचाही हक्क नाही. त्या दिवसापासून आमची सचिव फाइल चढवताना घाबरते. जिनं आयुष्यात कुणाची पेन्सिल ढापली नाही, ती!

ज्या फाइलीबद्दल तक्रार, तेवढीच बाजूला ठेवा. तक्रार करणाऱ्याचं नाव, पत्ता सांगा. खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंड लावा. अमेरिकेच्या कायद्यात तशी सोय आहे, पण समोरच्यानं जाणूनबुजून खोटं सांगितलं हे आपण सिद्ध करायचं, वकील आपण लावायचा. नोटीस मराठीत, कन्नडमध्ये द्या, बेळगावात आम्हाला दोन्ही कळतात. आणि खातं बंदच करायचं असेल, तर आधी महिनाभर दार उघडं ठेवा, आमचं सामान आम्हाला बाहेर काढू द्या.