दारावरून जाणारा धोका

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली आणि तिच्याशी झुंजताना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्या जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर शेकडो टन स्फोटके भरलेली होती; गोदीच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या नागरिकांना मात्र त्याची गंधवार्ताही नव्हती. दरवर्षी त्या दिवशी आपण त्या जवानांना अभिवादन करतो. परंतु आपल्या वस्तीतून कोणता धोका ये-जा करतो हे वस्तीला कोणी सांगायचे, हा त्यांच्या बलिदानाने उभा केलेला प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

गोदीला निदान भिंत होती. रेल्वेचा रूळ शहराच्या पोटातून जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना चाळी, झोपड्या, शाळा व इस्पितळे उभी आहेत. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा वायू यांसारख्या ज्वालाग्राही मालाच्या वाघिणी या देशात रुळांवरूनच दूरदूर जातात. १३ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेल नेणाऱ्या मालगाडीने पेट घेतला, तेव्हा या वाहतुकीचे रूप देशाने पाहिले.

ही वाहतूक बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. हा माल उद्योगांना, शेतीला आणि घरोघरच्या चुलीला लागतो. रेल्वेने तो नेला नाही तर तो रस्त्याने जाईल. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ अजमेर महामार्गावर वायूच्या टँकरला जो भीषण अपघात झाला, तो आठवला म्हणजे रेल्वेचा मार्गच त्यातल्या त्यात बरा, हे मान्य करावे लागते. आमचा आक्षेप वाहतुकीला नाही. तिच्याभोवतीच्या मौनाला आहे.

या मौनाची किंमत काय पडते हे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाईन या गावाने दाखवून दिले. पाच हजारांहूनही कमी वस्तीच्या या गावात ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री मालगाडीच्या एका चाकाचे बेअरिंग अतोनात तापून निकामी झाले आणि ३८ डबे रुळांवरून घसरले. त्यांपैकी पाच डब्यांत व्हिनिल क्लोराईड होते. आग विझवायला धावलेल्या जवानांच्या हाती गाडीतील मालाची यादी वेळेवर पडली नाही. तीन दिवसांनी ते पाचही डबे मुद्दाम फोडून आतील रसायन जाळण्यात आले व काळ्या धुराचा लोट आभाळात चढला. हे जाळणे अनावश्यक होते, असा निर्वाळा तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२४ साली दिला. रसायन बनविणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांचे मत निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. अपघात यंत्राच्या दोषाने झाला. अनर्थ वाढला तो माहितीच्या अभावी.

माहिती दिली तर लोक घाबरतील, असे अधिकारी सांगतात. अनुभव याच्या उलट आहे. १९७९ च्या नोव्हेंबरात कॅनडातील मिसिसॉगा येथे क्लोरीनची टाकी असलेली गाडी घसरून पेटली. गाडीत क्लोरीन आहे हे कळल्यावर दोन लाखांहून अधिक नागरिकांना घरे सोडायला लावण्यात आले आणि एकही जीव गेला नाही. त्याच देशात ६ जुलै २०१३ रोजी लाक-मेगांतिक गावात खनिज तेलाची बेवारस उभी केलेली गाडी उतारावरून घरंगळत येऊन पेटली, तेव्हा ४७ माणसे दगावली. त्यानंतर काही महिन्यांतच, गावातून जाणाऱ्या धोकादायक मालाची माहिती नगरपालिकेच्या आपत्ती-अधिकाऱ्याला विश्वासाने द्यावी, असा आदेश तेथील सरकारने रेल्वे कंपन्यांना काढला. घातपात्यांची भीती पुढे करणाऱ्यांना यात उत्तर आहे. माहिती चव्हाट्यावर मांडावयाची नाही. ती ज्याने आगीत उडी घ्यायची त्याच्या हाती द्यावयाची आहे.

आपल्याकडे काय आहे? १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ६७ वे कलम सांगते की, धोक्याचा माल देणाऱ्याने रेल्वेला लेखी सूचना दिली पाहिजे. माहिती असते, ती रेल्वेच्या दप्तरात असते. परंतु ज्या गावावरून ती वाघीण जाणार त्या गावाला ती कळवावी, असे हे कलम म्हणत नाही. त्याहून विचित्र गोष्ट भरपाईची. भोपाळच्या संहारानंतर, १९९१ साली, संसदेने लोकदायित्व विमा कायदा केला. घातक द्रव्यामुळे इजा झालेल्याला कोणाचाही दोष सिद्ध न करता तातडीची मदत मिळावी, हा त्याचा हेतू. परंतु त्यातील ‘वाहना’च्या व्याख्येतून रेल्वे वगळण्यात आली! रेल्वे कायदा अपघातात सापडलेल्या प्रवाशाला दोष न पाहता भरपाई देतो. रुळाकाठच्या खोलीत झोपलेला माणूस प्रवासी नव्हे. तिकीट काढणाऱ्याला संरक्षण आणि घरात बसलेल्याला कोर्टाची पायरी, हा न्याय कोणत्या तत्त्वात बसतो?

आमच्या मागण्या तीनच आहेत. कोणत्या मार्गाने कोणता घातक माल किती जातो, हे रेल्वेने प्रत्येक महापालिकेच्या व नगरपालिकेच्या अग्निशामक दलाला नियमाने कळवावे. अपघात होताच वाघिणींची यादी त्या दलाच्या हाती तत्काळ पडेल, अशी व्यवस्था करावी. आणि १९९१ च्या कायद्यातून रेल्वेला दिलेली सूट संसदेने काढून घ्यावी. यासाठी नवे रूळ टाकावे लागत नाहीत की कोट्यवधींचा खर्च करावा लागत नाही. दप्तराची कुलपे तेवढी उघडावी लागतात.

व्हिक्टोरिया गोदीतील जवानांना हौतात्म्य आले. उद्याच्या जवानाला हौतात्म्य नको, यादी हवी आहे.