उन्हाचे मलम आणि नदीचे पाणी

गेल्या हिवाळ्यात वार्षिक क्रीडामहोत्सवाची तालीम चालू असता नववीतील काही मुली मैदानाच्या कडेस उभ्या राहून एका लहानशा नळीतील मलम आळीपाळीने तोंडास लावीत असलेल्या आमच्या दृष्टीस पडल्या. विचारता उत्तर मिळाले, "सर, सनस्क्रीन आहे. उन्हाने काळे पडू नये म्हणून." नळी हाती घेऊन पाहिली. तिजवर गोरेपणाचे अभिवचन ठळक अक्षरांत होते. घटकद्रव्यांची यादी मात्र इतकी बारीक की आम्हांस चष्मा पुसून घ्यावा लागला. त्या यादीविषयी चार शब्द लिहावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

त्या मुलींस हसण्याचा आमचा हेतू नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचा भाजतात, तिला अकाली वार्धक्य आणतात, डोळ्यांत मोतीबिंदू होण्यासही हातभार लावतात. सावळ्या वर्णामुळे आपणांस काहीसे संरक्षण मिळते, परंतु ते पुरे नसते. आणि ज्यांस कोड आहे, किंवा ज्यांची त्वचा जन्मतःच रंगहीन आहे, त्यांस तर असे मलम ही चैन नसून गरज आहे. मात्र गोरेपणा आणि संरक्षण या दोन भिन्न वस्तू होत. दुकानदार त्या एकाच नळीत भरून विकतो व आपण पहिलीसाठी पैसे मोजतो, हे आमच्या मते खरे दुखणे आहे.

चैत्र-वैशाखात शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत राबासाठी पालापाचोळा अंथरणाऱ्या बायका पहा. डोक्यावर पदर, त्यावर फडके, लुगड्यावरून घरधन्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा. घट्ट विणीच्या कापडाइतके भरवशाचे सनस्क्रीन आम्हांस ठाऊक नाही. ते घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही आणि नदीत विरघळत नाही.

नदीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत जाते. तेथून ते उपसून, पांजरापूर येथे शुद्ध करून, मुंबईस पोहोचविले जाते. मुरबाडची काळू उल्हास नदीस मिळते व पुढे खाडीवाटे समुद्रास. आपल्या अंगावरून जे धुऊन निघते ते कोठेतरी जातेच. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनोक्सेट ही दोन द्रव्ये प्रवाळांस अपायकारक असल्याचे प्रयोगशाळांतून दिसून आल्यावर हवाई बेटांनी 2018 साली कायदा करून 1 जानेवारी 2021 पासून त्यांची सर्वसाधारण विक्री थांबविली. पलाऊ या लहानशा राष्ट्राने अशी बंदी त्याच्या एक वर्ष आधीच अमलात आणली. खुल्या समुद्रात हा अपाय कितपत होतो याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि आपल्या मालवणास 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेथे प्रवाळ आहेत, आणि सहलीस गेलेली मुले त्याच पाण्यात उतरतात. वाद मिटेपर्यंत सावधपणे वागण्यात आपले काय जाते?

मनुष्यशरीराविषयी म्हणाल तर अमेरिकेच्या औषध खात्याने 2019 साली सोळा द्रव्यांची छाननी करून झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड या दोनच द्रव्यांस निर्धोक व गुणकारी म्हणावे असा प्रस्ताव केला. दोन द्रव्ये त्याज्य ठरविली. उरलेल्या बारांविषयी अधिक माहिती मागविली. ती बारा विषारी आहेत असा याचा अर्थ नव्हे. परंतु त्यांतील काही त्वचेतून रक्तात उतरतात असे पुढील परीक्षणांत आढळले. झिंक ऑक्साइड तर आपल्या घरच्या कॅलामाइनच्या बाटलीतही असते. ते लावल्याने चेहरा थोडा पांढुरका दिसतो, एवढीच तक्रार. अर्थात तेही नदीत ओतण्याची वस्तू नव्हे. घेतेवेळी लक्षात ठेवावे की ऑक्सिबेन्झोन हे बेन्झोफेनोन-3 या नावाने, तर ऑक्टिनोक्सेट हे इथाइलहेक्झिल मेथॉक्सीसिनामेट या लांबलचक नावाने यादीत दडलेले असते. फवाऱ्याचे सनस्क्रीन टाळावे, कारण ते श्वासावाटे आत जाते. एस. पी. एफ. 30 असले म्हणजे पुरे; नीट लावल्यास ते त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडविते, 50 असलेले सुमारे 98. या एका टक्क्यासाठी दुप्पट दाम मोजण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आता आमच्याच पदरचा दोष. सकाळी अकरापासून दुपारी एकपर्यंत कवायत घेणारे आम्ही शिक्षकच, आणि गणवेशात बसत नाही म्हणून मुलांच्या डोक्यावरील टोपी उतरवून घेणारेही आम्हीच. मग मुलींनी नळी विकत आणली तर त्यांस बोल कसा लावावा? येत्या जूनच्या शिक्षकसभेत कवायत सकाळी नऊच्या आत आटोपावी व मैदानावर टोपी आणि ओढणी यांस मुभा असावी, असे दोन ठराव आम्ही मांडणार आहोत. पालकांनी आपले मत तत्पूर्वी लेखी कळविल्यास आम्हांस बळ येईल.