विकत घेतलेल्या पुस्तकाचा मालक कोण?

एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले हे खरे. परंतु दुकान बुडाले म्हणून वाचकाच्या कपाटातील छापील पुस्तके कधी नाहीशी झाली आहेत काय? ही करामत डिजिटल कुलपाची. त्याची किल्ली कंपनीच्या हाती असते. खरेदीच्या नावाखाली ग्राहकाला भाडेकरू बनविले जाते.

चोरीला आळा घालण्यासाठी हे कुलूप हवे, असा युक्तिवाद केला जातो. लेखकाला श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे पुस्तक समाजाच्या मालकीचे होते. कुलपाला अशी मुदत नाही. प्रतिलिपी अधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कायदेशीर वापरासाठी किल्ली देण्याचे बंधन मात्र कंपन्यांवर घातले नाही. ते घालावे आणि ग्रंथालयांना जतनासाठी कुलूपविरहित प्रत मिळावी, ही मागणी ग्राहक व ग्रंथालय चळवळींनी एकजुटीने लावून धरली पाहिजे.