आलेख चुकला की जोडणी?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला अनेकदा येतो. अशाच एका प्रदर्शनात नववीतल्या एका विद्यार्थिनीने प्रकाशाचा व्यस्त वर्गाचा नियम पडताळून दाखवला होता. एक लहानसा दिवा, सिलिकॉनचा फोटोडायोड आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेला मल्टिमीटर, एवढेच साहित्य. तक्त्यावर आकडे होते : २० सेंटिमीटरवर ३५० मिलिव्होल्ट, ४० सेंटिमीटरवर ८७.५. अंतर दुप्पट, वाचन चौथाई. अगदी पुस्तकाबरहुकूम! मी तिला प्रयोग करून दाखवायला सांगितले, तेव्हा ४० सेंटिमीटरवर मल्टिमीटरने ३१४ दाखवले. मुलगी गोरीमोरी झाली. "सर, वाचन हेच येत होते. पण नियमात बसेना, म्हणून बदलले."

मित्रहो, त्या खोडलेल्या ३१४ मध्येच खरे विज्ञान होते, असे माझे मत आहे.

कारण पाहा. प्रकाशाच्या समप्रमाणात बदलतो तो फोटोडायोडमध्ये निर्माण होणारा विद्युतप्रवाह. त्याच्या टोकांमधील विभवांतर नव्हे. व्होल्ट मोजताना मल्टिमीटरचा रोध फार मोठा असतो. प्रवाहाला बाहेर वाट मिळत नाही, तो डायोडमध्येच जिरतो. मग विभवांतर लॉगरिथमच्या चालीने बदलते. प्रकाश दहापट झाला तरी भर पडते ती सुमारे ६० मिलिव्होल्टची, आणि प्रकाश चौथाई झाला तर घट होते सुमारे ३६ ची. ३५० मधून ३६ गेले, उरले ३१४! वाचन चोख होते. चुकली होती ती जोडणी.

उपाय सोपा आहे. मल्टिमीटर व्होल्टऐवजी २०० मायक्रोअँपिअरच्या पल्ल्यावर ठेवा. आता त्याचा रोध अल्प असल्याने प्रवाहाला वाट मोकळी होते आणि वाचन प्रकाशाच्या समप्रमाणात येते. ऑपरेशनल अँप्लिफायर वापरून प्रवाहाचे व्होल्टमध्ये रूपांतर केले तर उत्तमच; पण रोधक बेताने निवडा. ५० मायक्रोअँपिअर प्रवाहाला १ मेगओहमचा रोधक जोडला, तर ५० व्होल्ट हवेत. ९ व्होल्टची बॅटरी ते कोठून देणार? वाचन वर जाऊन अडकते आणि प्रकाश वाढला तरी हलत नाही.

उपकरण विश्वासार्ह आहे का, हे नियमाचा आधार न घेताही तपासता येते. अंधाऱ्या खोलीत दोन दिवे घ्या. फक्त पहिला लावून वाचन घ्या, मग फक्त दुसरा, मग दोन्ही. ४० आणि ३० आले, तर दोन्ही मिळून ७० यायला हवेत. बेरीज जुळली, की निदान तेवढ्या पल्ल्यात उपकरणाची साक्ष मानावी. नियमाची परीक्षा त्यानंतर.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पुस्तकाशी जुळणाऱ्या आलेखालाच आपण गुण देत राहिलो, तर मुले आलेख जुळवायला शिकतील, मोजायला नव्हे. प्रयोगवहीत एक रकाना 'उपकरणाची तपासणी' या नावाने ठेवा आणि न जुळलेल्या वाचनाचे कारण शोधणाऱ्याला दोन गुण अधिक द्या. त्या मुलीला मी तेच सांगितले. तिने तक्त्यावरचा ८७.५ खोडून पुन्हा ३१४ लिहिला आणि विचारले, "सर, मायक्रोअँपिअरचा पल्ला कुठे असतो?"